कॉन्टेसा घ्यावी की कॅटालिना?

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही खारघरला राहतो. माझे यजमान मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहेत. चार-पाच महिने जहाजावर असतात, मग तीन महिने घरी. गेले दोन हिवाळे मी गेटवेजवळ शिडाची होडी चालवायला शिकते आहे. लेक नऊ वर्षांची आहे. आम्हाला जुनी फायबरची शिडाची बोट घ्यायची आहे आणि दोन बोटी समोर आहेत. पहिली कॉन्टेसा 32, 1976 ची. ती कोचीत उभी आहे, मालक एक परदेशी आजोबा. दुसरी कॅटालिना 30, 1984 ची, दुबईत आहे. यजमान सुट्टीवर असतील तेव्हा तिघांनी बोटीवरच राहायचं, गोवा-कोचीपर्यंत जायचं आणि जमेल तेव्हा शनिवार-रविवारच्या शर्यतीत उतरायचं, असा बेत आहे. यजमानांचा जीव कॉन्टेसावर, माझा कॅटालिनावर. फोटोत कॅटालिना घरासारखी दिसते आणि कॉन्टेसा रेल्वेच्या स्लीपर डब्यासारखी. कुठली घ्यावी?
– एक वाचक, खारघर

उत्तर : ताई, फोटो तुम्हाला फसवत नाहीत. कॅटालिना दोन फूट आखूड असूनही आतून मोठीच आहे. तिची रुंदी 10 फूट 10 इंच, कॉन्टेसाची साडेनऊ फूट. सोळा इंचांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण एकीत टेबलाभोवती चौघं सुखानं जेवतात आणि दुसरीत कोपऱ्यातल्याला उठायचं तर बाकीच्यांना आधी उठावं लागतं, ते या सोळा इंचांमुळेच. वजनात दोघी जवळपास सारख्या आहेत. कॉन्टेसा सुमारे 4,300 किलो, कॅटालिना सुमारे 4,600.

दोघी कुणासाठी बांधल्या ते आधी सांगतो. कॅटालिना कॅलिफोर्नियाच्या फ्रँक बटलर यांची. सामान्य पगारदार कुटुंबाला परवडावी, शनिवारी मुलाबाळांना घेऊन निघता यावं, रात्री नांगर टाकून जेवण रांधता यावं, हा त्यामागचा विचार. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून तीस वर्षांहून जास्त काळ ती बनत होती आणि सहा हजारांवर बोटी पाण्यात उतरल्या. कॉन्टेसा इंग्लंडची. डेव्हिड सॅडलर यांचा आराखडा, लिमिंग्टनला जेरेमी रॉजर्स यांच्या यार्डात 1971 पासून बांधलेली. तिकडच्या खाडीत वारा आणि भरती-ओहोटीची ओढ समोरासमोर आले की चार तासांत समुद्र उभा राहतो. अशा पाण्यात शर्यतही करावी आणि घरीही परतावं, म्हणून ती तशी अरुंद आणि खोल ठेवली.

मी मूळचा बेलापूरच्या दिवाळे गावचा. वडील लाकडाच्या होड्या बांधायचे, मी पस्तीस वर्षं फायबरच्या बांधल्या. मासेमारीच्या जास्त, शिडाच्या दुरुस्त्या थोड्या. त्या थोड्यांत एक कॉन्टेसा 32 होती. तांबड्या समुद्रातून आलेलं एक म्हातारं जोडपं तिच्यावर राहत होतं. डेकचं काम संपल्यावर त्यांनी मला मांडव्यापासून गोव्यापर्यंत सोबत नेलं. तेव्हा तिच्यात मी पाच रात्री झोपलो. बोट कलली की अरुंदपणा काय कामाचा असतो ते त्या रात्रींत कळलं. केबिनमध्ये कुठंही उभं राहा, एक हात या बाजूच्या दांड्याला पोचतो आणि दुसरा त्या बाजूच्या. बर्थवर पाठ टेकली की अंग दोन्ही बाजूंनी धरलं जातं. आजी सत्तरीच्या होत्या. पंचवीस अंश कललेल्या बोटीत कमरेला पट्टा बांधून त्या चहा करायच्या आणि थेंब सांडत नसे. पाणी मात्र अंगावर येतं, हेही सांगायला हवं. बोट पाण्यात खाली बसते आणि लाटेवर चढण्याऐवजी लाट कापत जाते. कॉकपिटमधला, म्हणजे मागच्या उघड्या जागेत बसून बोट चालवणारा, माणूस भिजतोच.

दुसरा अनुभव उलट्या दिशेचा. एका फेब्रुवारीत तीस फुटांची, कॅटालिनासारखीच रुंद बोट आम्ही तिघांनी गोव्याहून मुंबईला आणली. ताई, तुमच्या निर्णयाचा कणा इथं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो. दुपारी तो पडतो आणि वायव्येकडून खारा वारा चढतो. मुंबईहून गोव्याला निघालात की हा वायव्येचा वारा पाठीशी असतो. सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचं अंतर, आणि कुठलीही धड बोट ते हसतखेळत कापते. मुरुड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशी बंदरं घेत गेलात तर लेकीची सहलच होईल. परतताना तोच वारा तोंडावर येतो. रोज दुपारी बारानंतर नाकासमोर वारा आणि आखूड, उभ्या लाटा. तेव्हा बोट वाऱ्याच्या किती जवळून, किती सरळ जाते यावर सगळं ठरतं. आमची रुंद बोट प्रत्येक लाटेवर पोट आपटत होती. आपटली की वेग जातो, वेग गेला की ती वाऱ्याखाली घसरते. विजयदुर्गहून सकाळी निघून संध्याकाळी पाहिलं तर चार तास शिडावर झगडून आम्ही जेमतेम आठ मैल वर सरकलो होतो. शेवटी दुपारी इंजिन लावायचं आणि मतलईवर पहाटे तीनला निघायचं, असा रिवाज पाडला. पोचलो, पण सात दिवस लागले. वाटेत डोलकाठीखालच्या खांबाजवळ डेकला केसाएवढी चीर गेली होती.

कॉन्टेसा त्याच वाऱ्यात वेगळी वागते. तिच्या वजनातलं जवळपास निम्मं, सुमारे 2,040 किलो, खाली किलमध्ये, म्हणजे तळाच्या जड पात्यात आहे. टक्केवारीत 47. कॅटालिनात 1,900 किलो, म्हणजे 41 टक्के. कॉन्टेसा अरुंद असल्यानं लवकर कलते, पण पंचवीस अंशांवर एकदा टेकली की तिथंच ठाम राहते आणि लाटेत घुसत पुढं जाते. तुमचा बेत गोवा-कोचीचा असेल तर परतीचा प्रवास दर वर्षी ठरलेला. तो कुठल्या बोटीत करायचा, हे आधी ठरवा.

वादळाचं म्हणाल तर ऑगस्ट 1979 मध्ये इंग्लंड आणि आयर्लंडमधल्या समुद्रात फास्टनेट शर्यतीला वादळानं गाठलं. 303 बोटी निघाल्या होत्या, शर्यतीतले 15 जण गेले. सगळ्यात लहान बोटींच्या गटातून शर्यत पुरी केली ती एकाच बोटीनं, 'असेंट' नावाच्या कॉन्टेसा 32 नं. त्या शर्यतीनंतर जो अभ्यास झाला त्यातून बोट उलटण्याचा धोका जोखायचं एक सोपं गणित निघालं. यजमान इंजिनिअर आहेत, त्यांना द्या. बोटीचं वजन पौंडांत घ्या, 64 नं भागा, कारण एक घनफूट समुद्राचं पाणी 64 पौंडांचं असतं. त्याचं घनमूळ काढा आणि फुटांतल्या रुंदीला त्यानं भागा. उत्तर दोनच्या खाली हवं. कॉन्टेसाचं 1.79 येतं. कॅटालिनाचं बरोबर दोनवर येऊन थांबतं. कॉन्टेसा सुमारे 155 अंशांपर्यंत, म्हणजे जवळपास पालथी होईपर्यंत कलंडली तरी आपसूक सरळ होते. डिसेंबरात देवगडसमोर याची गरज पडणार नाही. पण मे महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळं उठतात. 'तौक्ते' 2021 च्या मेमध्येच आलं होतं. लेक बोटीवर असणार आहे, म्हणून हे बोलतो.

आता राहण्याचं. तुमचा सगळा कल यावर आहे आणि तो चुकीचा नाही. फक्त कुठं राहणार ते डोळ्यासमोर आणा. मुंबई बंदरात शिडाच्या बोटी बहुतेक मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराच्या बोयाला, बांधलेल्या असतात. दाराशी धक्का नसतो. दूध आणायचं तरी छोट्या होडीतून वल्हवत जायचं. उधाणाला आपल्याकडे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं आणि ओहोटीला तितक्याच वेगानं उतरतं. कॉन्टेसा पाण्याखाली साडेपाच फूट, कॅटालिनाची नेहमीची किल सव्वापाच. आमच्या बेलापूरच्या खाडीत मधला खोल पट्टा सोडून दोघींपैकी कुणालाही बांधाल तर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला ती चिखलात कुशीवर झोपेल. भांगेला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीला, निभावेल, उधाणाला नाही. अशा चिखलासाठी दोन किलांची बोट लागते, इंग्लंडची वेस्टर्ली सेंटॉर तशी आहे. तीन फूट पाण्यात तरंगते आणि पाणी गेलं की दोन पायांवर उभी राहते. ती तुमच्या यादीत नाही, म्हणून तिचा विषय इथंच सोडतो. वाशीच्या पुलांकडे डोलकाठी उभी ठेवून जायचा विचार करू नका, आणि अटल सेतूखालून कुठल्या गाळ्यातून जाता येईल ते चार्टवर आधीच पाहून ठेवा.

खाडीत आणखी एक गोष्ट घडते, ती फोटोत दिसत नाही. नांगरावरची बोट एरवी वाऱ्याकडे तोंड करते, तेव्हा पुढच्या हॅचमधून, म्हणजे छतातल्या झाकणाच्या खिडकीतून, वारा आत येतो. जोराची ओढ असेल तिथं ती पाण्याकडे तोंड करते आणि वारा आडवा जातो. एप्रिलच्या दुपारी केबिन तापते. मग ती साडेनऊ फुटी असो की अकरा फुटी, आत कुणीच बसत नाही. तिकडच्या थंडी-पावसात रुंद केबिनची किंमत आहे. आपल्याकडे बोटीवर राहणं म्हणजे कॉकपिटमध्ये राहणं. बूमवरून, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावरून, जाड कापडाचा मांडव टाका, दोन्ही बाजूंनी ताणून बांधा. जेवण, अभ्यास, पत्ते, झोप सगळं त्याखाली. कॅटालिनाचा कॉकपिट ऐसपैस आहे हे मान्य, पण 1984 च्या बोटीत मधोमध सुकाणूचं चाक आणि त्याचा खांब असण्याचीच शक्यता जास्त. कॉन्टेसाला टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा लांब दांडा आहे. बोट बांधली की तो उचलून उभा बांधायचा, की मधली जागा मोकळी.

शिवाय जून ते सप्टेंबर बोट पाण्याबाहेरच ठेवायची. कोळी बांधव 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन निघतात. तुम्ही दसऱ्यापर्यंत थांबा. म्हणजे राहणं आलं ते नोव्हेंबर ते मे, त्यातही यजमान घरी असतील तेव्हा. वर्षातले साठ-सत्तर दिवस धरा. वर्षभर, बाराही महिने राहायचं असतं तर मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो असतो. वयात येणाऱ्या मुलीला दार लावून बसायला कोपरा लागतो आणि तो कॅटालिनात आहे.

शर्यतीचं फार मनावर घेऊ नका. वेगवेगळ्या बोटी एकत्र धावतात तेव्हा प्रत्येकीच्या वेळेला तिच्या मापाप्रमाणे सूट-कपात लागते, त्यामुळे दोन्ही बोटींना संधी आहे. पाण्यावरची लांबी कॉन्टेसाची 24 फूट, कॅटालिनाची 25. त्या हिशेबानं दोघींचा कमाल वेग साडेसहा-पावणेसात नॉटच्या (ताशी सागरी मैल) आसपास येतो. हलक्या वाऱ्यात दोघी जड आहेत. शर्यत खरंच शिकायची असेल तर मुंबईतल्या जे/24 या 24 फुटी शर्यतीच्या बोटींवर खलाशी म्हणून जा. सगळ्या सारख्या, चूक झाली की लगेच दिसते. त्यांना चांगले हात लागतातच.

आता माझ्या धंद्याचं. बोट नव्या रंगावर घेऊ नका. 1998 साली मी स्वतः एक जुनी बोट दुरुस्त करून विकायच्या इराद्यानं घेतली. डेक आरशासारखा चकचकीत होता. घरी आणून डोलकाठीशेजारी पाय ठेवला तर टाच आत दबली. वरचा थर कापला तेव्हा आतलं लाकूड भिजलेल्या मारी बिस्किटासारखं हातात आलं. चार महिने आणि साठवलेले पैसे त्यात गेले. हातोडी मारून पाहिली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं.

डेक म्हणजे फायबरचे दोन थर आणि मध्ये बाल्सा किंवा प्लायवूड. स्क्रू-बोल्टच्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षानुवर्षं आत मुरतं. प्लास्टिकच्या तोंडाची लहान हातोडी घ्या आणि वीतवीतभर अंतरावर ठोकत जा. टणक, खणखणीत आवाज आला की ठीक. बद्द आवाज आला तिथं खडूनं खूण करा. डोलकाठीचा पाया, चेनप्लेटच्या (त्या काय ते पुढं सांगतो) आसपास, हॅचच्या कडा, रेलिंगच्या खांबांखाली. खुणा जोडून एक हातभर लांबीचा पट्टा झाला तर किंमत उतरवायची. अर्धा डेक भरला तर नमस्कार करून परत यायचं.

चेनप्लेट म्हणजे डोलकाठीच्या तारा जिथं बोटीला बांधतात त्या स्टीलच्या पट्ट्या. वरून चकाकतात. डेकमधून जिथं आत जातात त्या दडलेल्या इंचभरात हवा पोचत नाही, खारं पाणी साचतं आणि स्टेनलेस स्टीलही आतून चिरतं. एक तरी काढून पाहायला सांगा. मालक नाही म्हणाला तर ती सुद्धा एक माहितीच. तारा दहा-बारा वर्षांपूर्वीच्या असतील तर नव्या घालण्याचे पैसे बाजूला काढा.

कॅटालिनाची किल बोल्टनं खाली जोडलेली आहे. पुढच्या टोकाला बोट आणि किलच्या सांध्यात हसल्यासारखी चीर पडते. ती ओली असेल, गंज पाझरत असेल तर सावध. सुरुवातीच्या अनेक कॅटालिनांत त्या सांध्यावर लाकूड घातलेलं होतं आणि डोलकाठीचा भार घेणाऱ्या खांबाखालीही लाकूड असतं. दोन्ही कुजतात. बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या अगदी तळातल्या पोकळीवरच्या, फळ्या उचलून टोच्यानं टोचून पाहा. कॉन्टेसात शिसं फायबरच्या आतच बंद असतं, बोल्टची काळजी नाही. पण कधी खडकावर आपटली असेल तर त्या जागी पाणी आत जातं. किलच्या तळाला हात फिरवा, ठोका. सुकाणू तिच्यात स्केगला, म्हणजे तळाच्या मागच्या पंखाला, टांगलेलं आहे, ते हलवून खालचा बिजागर खेळतो का पाहा.

बोटीच्या पोटातल्या पाण्याच्या तोट्या, म्हणजे सीकॉक, पितळेच्या असतील तर खरवडून पाहा. पिवळा रंग हवा. गुलाबी दिसला तर जस्त निघून गेलंय, ती तोटी हातानं मोडेल. जुन्या कॅटालिनांत पेट्रोलचं इंजिनही मिळतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये साचते. तसं असेल तर घेऊच नका, डिझेलच हवं.

तळावरचे फोड बघून घाबरू नका. एक फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आणि चिकट पाणी असेल तर पॉलिस्टर रेझिनमध्ये पाणी मुरलंय. गरम पाण्यात हे लवकर होतं. चार-पाच फोड असतील तर घासून इपॉक्सी भरायचा. सगळा तळ फोडांनी भरला असेल तर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, सोलून बोट महिनोन्‌महिने वाळवावी लागते आणि ते आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जमतं. पावसाळ्यात वाळवायला ठेवली तर हवेतली ओल उलट आत शिरते.

कागदांचं थोडक्यात. दोन्ही बोटी परदेशी नोंदणीच्या असणार. कोचीत उभी आहे म्हणून ती आपली झाली असं नाही, विकत घेतलीत की आयातच होते. पैसे देण्याआधी कस्टमच्या एजंटकडून कराचा आकडा लेखी घ्या. दुबईची बोट हजार मैलांहून लांब आहे. ती जहाजावरून आणायची तर बोट टेकवायचा पाळणा, क्रेन, डोलकाठी उतरवणं हे खर्च किमतीत धरा. कोचीची बोट तुम्हाला कोचीतच पाण्यावर चालवून पाहता येईल, ही मोठी गोष्ट आहे.

माझं मत कॉन्टेसाकडे आहे. परतीच्या वाऱ्यामुळे, आणि राहण्याचे दिवस मोजले तर ते कॉकपिटमध्येच जाणार आहेत म्हणून. डेक बद्द निघाला तर मात्र माझं मत विसरा. जुन्या बोटीला वयानं नाकारू नका. नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी यांनी 2023 मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला तो रस्लर 36 या फायबरच्या बोटीतून. त्या शर्यतीला 1988 पूर्वी आराखडा झालेल्याच बोटी चालतात.

नोव्हेंबरात यजमान आले की तिघंही कोचीला जा. आजोबांना सांगून दोन रात्री बोटीवर झोपा, एक बोलगट्टीला धक्क्याशी आणि एक बाहेर नांगरावर. लेकीला कॉकपिटशेजारच्या बर्थवर झोपवा आणि सकाळी तिलाच विचारा. दुपारी खारा वारा चढला की बाहेर पडून तासभर तोंडावरच्या वाऱ्यात शीड ओढा, टिलर तुम्ही धरा. तुमचे हात काय सांगतात ते मला कळवा. हातोडीच्या खुणा केलेल्या डेकचे आणि काढलेल्या चेनप्लेटचे फोटो पाठवलेत तर मी बघून लगेच उत्तर देईन.